एकटीच?

"मी चार दिवस एकटीच कुठंतरी जाऊन येणार आहे," असं मी रात्री जेवताना जाहीर केलं, तेव्हा ह्यांच्या हातातला कढीचा डाव हवेतच राहिला. कढी मात्र राहिली नाही. ती टेबलावर सांडली.

"कुणाकडे?" ह्यांनी विचारलं.

"कुणाकडे नाही."

"मग कुणाबरोबर?"

"कुणाबरोबर नाही."

"मग कशाला?"

आता याचं उत्तर माझ्यापाशीही नव्हतं. आमच्या घराण्यात बाईमाणसानं परगावी मुक्कामाला जाण्याची कारणं पूर्वापार ठरून गेलेली आहेत. बाळंतपण, लग्नकार्य, तेरावं, आणि अगदीच हौस असली तर अष्टविनायक. नुसतं 'जावंसं वाटलं' हे कारण त्या यादीत बसत नाही. गेल्या वर्षी मी नोकरीतून निवृत्त झाले, तेव्हा आता आपल्याला भरपूर वेळ मिळेल असं मला वाटलं होतं. घरातल्या बाकीच्यांनाही तेच वाटलं होतं. फरक इतकाच, की तो वेळ त्यांना मिळाला.

माझ्या मदतीला धावून आली ती बंगळूरला असलेली आमची कन्या. तिनं फोनवरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "बाबा, आईला सेल्फ केअरची गरज आहे. तिकडे सगळ्या बायका जातात. जाऊ दे तिला."

सासूबाईंना अलीकडे कमी ऐकू येतं. त्यांनी शब्दाचा पुढचा भाग तेवढा पकडला.

"सेल? कुठं लागलाय सेल?"

"रत्नागिरीला," मी म्हटलं. तोवर गाव ठरलंही नव्हतं. तोंडातून निघालं आणि ठरलं.

"इतक्या लांब? मग येताना मला दोन गाऊन आण. कॉटनचे. बंद पुढून."

तर अशा रीतीनं माझ्या सेल्फ केअरला सासूबाईंची संमती मिळाली.

रत्नागिरीच का, तर शाळेत इतिहासाच्या बाईंनी थिबा राजाची गोष्ट सांगितली होती. इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या राजाला पकडून रत्नागिरीत आणून ठेवला, एवढंच त्यातलं आठवत होतं. तेव्हा वर्गातल्या एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, ही शिक्षा कशी? रत्नागिरीला तर आम्ही सुट्टीत जातो." तो प्रश्न डोक्यात चाळीसएक वर्षं पडून होता.

सोसायटीत बातमी पसरायला एक दिवस पुरला. खालच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात थांबल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "सगळं ठीक आहे ना घरात?" मी म्हटलं, "अगदी ठीक." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काही लागलं तर सांगा हो." मग मला स्वतःलाच शंका यायला लागली, की सगळं ठीक आहे ना?

जाण्याआधी फ्रिजवर एक चिठ्ठी लावावी म्हणून लिहायला बसले. गॅसचा नंबर, सासूबाईंच्या गोळ्या, दुधाचं विरजण, इस्त्रीवाल्याचे कपडे मोजून द्यावेत, घ्यावेत तेही मोजूनच. चिठ्ठीची तीन पानं झाली. ती वाचून हे म्हणाले, "तू चार दिवसच जात्येस ना?"

पहाटे मला ठाणे स्टेशनवर सोडायला आले तेव्हा मात्र ह्यांचा चेहरा भाऊ लढाईवर निघाल्यासारखा झाला होता. गाडी हलली तरी बरोबर चालत होते. "पाणी घेतलंस ना?" एवढंच तीनदा विचारलं. मला वाटलं, उतरून पडावं. पण आरक्षण परत मिळत नाही.

पनवेल यायच्या आत पहिला फोन. हिंग कुठे आहे? मग कुकरच्या शिट्ट्या किती? मग, "हिरव्या झाकणाच्या डब्यातली डाळ तूर आहे का चणा?" माणगाव, खेड, चिपळूण ही स्टेशनं मला त्या दिवशी हिंग, शिट्ट्या आणि डाळ अशीच दिसली. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागतो. साडेसहा किलोमीटर लांबीचा. गाडी आत शिरली, फोनवरच्या रेघा गेल्या, आणि हे "अगं, ते पापड–" इथंच थांबले. बाहेर काळोख, आत काळोख, गाडीचा तेवढा आवाज. मी डोळे मिटून घेतले. खरं सांगते, माझी सेल्फ केअर जी काय व्हायची ती त्या बोगद्यातच झाली. तिथूनच परतीची गाडी असती तर पैसे वाचले असते.

स्टेशन गावापासून लांब आहे. रिक्षावाल्यानं आधी सामानाकडे पाहिलं, मग माझ्या मागं कुणी येतंय का ते पाहिलं. "एकट्याच?" मी म्हटलं, "हो." त्यानं पुढं काही विचारलं नाही, पण आरशातून दोनदा पाहिलं. बहुधा मी समुद्राच्या काठाला उतरवायला सांगते की काय, या धास्तीनं.

मी उतरले होते एका जुन्या कौलारू घरात. 'घरगुती राहण्याजेवणाची सोय' अशी पाटी होती. मालकीणबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पाठीत जरा वाकलेल्या, आवाज मात्र खणखणीत. मी त्यांना काकू म्हणायला लागले. त्यांनीही दारातच विचारलं, "एकटीच?" आणि मग, उत्तराची वाट न पाहता, "चहा टाकत्ये. तुमच्यात साखर किती?"

मी म्हटलं, "ह्यांना बिनसाखरेचा लागतो. सासूबाईंना आलं घालून आणि अर्धाच कप. आमच्या चिरंजीवांना कॉफी."

काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "ते सगळे आलेत होय? कुठं आहेत? मी तुमचं विचारत्ये हो."

माझं?

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? पण मी चहात साखर किती घेते हे मला सांगता येईना. ह्यांना मधुमेह निघाला तेव्हापासून एकच चहा, बिनसाखरेचा. दोन भांडी कोण घासणार? त्याआधी सासऱ्यांच्या चवीचा, गोडमिट्ट. लग्नाआधी आई करेल तो. चोपन्न वर्षांत बहुधा वीसेक हजार वेळा चहा केला असेल. त्यातला एकही माझ्या मापानं नव्हता. मी म्हटलं, "कसाही चालेल." काकू म्हणाल्या, "कसाही म्हणजे दोन चमचे," आणि आत गेल्या.

तो फार गोड झाला होता. पण फार गोड झालाय हे आपल्याला कळलं, याचाच मला इतका आनंद झाला, की मी तो सगळा प्यायले.

जेवून खोलीत आले. पुढं काहीही करायचं नव्हतं. काहीही न करणं हे काम मला कुणी शिकवलेलं नाही. मी पलंगावरची चादर काढून पुन्हा ताणून घातली. खिडकीचे गज पुसले. पिशवीतले कपडे बाहेर काढून घड्या मोडल्या, पुन्हा घातल्या. मग समोरच्या आंब्याकडे बघत बसले. फेब्रुवारी होता, झाड मोहरानं भरलं होतं. बघता बघता झोप लागली ती दिवेलागणीला उठले. दुपारची तीन तास झोप! कुणी बेल वाजवली नाही. उठल्यावर पाच मिनिटं मला अपराध्यासारखं वाटलं; सहाव्या मिनिटाला घावन आले.

दुसऱ्या दिवशी थिबा राजवाडा पाहिला. तांबडा, उतरत्या छपरांचा, अर्धगोल खिडक्यांचा. आता तिथं संग्रहालय आहे. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाला राणी आणि लहान मुलींसकट आधी मद्रासला नेलं आणि १८८६ साली रत्नागिरीत आणलं. हा राजवाडा त्याला राहायला मिळाला १९१० साली. म्हणजे ताबा मिळायला चोवीस वर्षं लागली. आमच्या सोसायटीतल्या जुन्या मंडळींना यात नवल वाटणार नाही. पण पुढं राहायला मिळाली सहाच वर्षं. १९१६ साली तो इथंच वारला, आणि त्याला इथंच पुरलं. तीस वर्षं. नारळीपोफळी, समुद्र, ताजी हवा, करायला काहीही नाही. आपण ज्याला विश्रांती म्हणतो ती सगळी.

मी त्या मोठ्या, रिकाम्या दालनात उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून फोन आलेला नाही.

एकही नाही. दहा वाजता नाही, अकराला नाही. बॅटरी पाहिली, रेघा पाहिल्या. सगळं जागच्या जागी. साडेबाराला मीच फोन लावला.

"हिंग सापडला का?"

"हो, कालच. मसाल्याच्या डब्यामागे होता," हे म्हणाले. "तू मजेत आहेस ना? इकडची काळजी करू नकोस. पिठलं छान झालंय."

पिठलं! छान! मागं सासूबाईंचं हसणं ऐकू येत होतं. मला सांगा, एवढी तीन पानांची चिठ्ठी लिहिली ती काय यासाठी? राजवाड्याच्या पायरीवर बसून मी परतीची गाडी उद्याची मिळते का ते पाहायला लागले. मिळत होती.

संध्याकाळी काकूंना तसं सांगितलं. त्या कुळीथ निवडत होत्या. म्हणाल्या, "जा की. आगाऊ दिलेले पैसे परत देईन." मग थोड्या वेळानं सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "मला एक सांगा. तुम्ही एकटं राहायला पैसे मोजून आलात?"

"हो."

"मला फुकट मिळतंय. अकरा वर्षं झाली."

आणि हसल्या. मीही हसले, कारण वाक्य हसण्यासारखंच होतं. दोन मुलगे, एक मुंबईला, एक त्याहून लांब. वाईट कुणीच नाही. दोघंही ये म्हणतात. पण तिथं जाऊन ह्यांनी सकाळी नेमकं करायचं काय, ते कुणी सांगत नाही. खोल्या भाड्यानं द्यायची कल्पना यांची स्वतःचीच. "पैशाचं नाही हो एवढं. सकाळी उठून कुणाचा तरी चहा टाकायचा असला, की मला कळतं आज उठायचंय."

मी सूप ओढून घेतलं आणि उरलेले कुळीथ निवडले. परतीची गाडी नंतर पाहू म्हटलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मीच त्यांना थिबा पॉइंटवर नेलं. जन्म गावात गेला, पण इथं येऊन सातआठ वर्षं झाली होती. "पाव्हणे जातात, मी कशाला जात्ये?" रिक्षावाला तोच होता. या खेपेला दोघी पाहून त्याचा जीव भांड्यात पडलेला दिसला. खाली भाट्याची खाडी, पूल, पलीकडं समुद्र, आणि सूर्य अगदी पाण्याला टेकलेला. मी गप्प होते. काकू गप्प नव्हत्या. पुलाच्या आधी तिथं कसं होतं, कोण कुणाची सून, कुणी कुणाची बाग विकली, हे सगळं त्या सांगत होत्या, आणि सूर्य बुडून गेला तरी सांगत होत्या. चार दिवस एकटं राहायला गेलेल्या बाईनं एका संध्याकाळी एवढी माणसं ऐकली नसतील.

"त्या राजाशी कोण बोलत असेल हो?" मधेच थांबून त्या म्हणाल्या. आणि लगेच, "चला, डास चावतायत."

निघायच्या दिवशी सकाळी चहा आला. साखर दीड चमचा, आलं नाही, वेलची नाही, नुसता गवती चहा. माप काकूंनी दोन दिवसांत मला न विचारता काढलं होतं. एकदा जास्त, एकदा कमी असं करत. मी घोट घेतला आणि त्यांच्याकडे पाहिलं. "बसलं?" त्यांनी विचारलं. बसलं होतं.

बाजारात जाऊन दोन गाऊन घेतले. कॉटनचे, बंद पुढून.

घरी पोचले तेव्हा स्वयंपाकघर मी ठेवलं होतं त्याहून जरा नीटच होतं, हे मी अजून ह्यांना बोलून दाखवलेलं नाही. ह्यांनी स्वतः चहा करून आणला. अर्थात बिनसाखरेचा. मी उठले, डबा काढला, दीड चमचा साखर घातली, ढवळली.

"तू साखर घेतेस?" हे म्हणाले.

"हो."

"कधीपासून?"

"परवापासून."

ह्यांनी चष्मा वर केला, मग खाली केला आणि पेपर उघडला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर दोन भांडी होती. एकाखालचा गॅस जरा मोठा राहिल्यामुळे चहा उतू गेला होता, पण ते असो.

काकूंना दर रविवारी फोन करते. त्या पहिल्यांदा चहा झाला का ते विचारतात.

सासूबाईंनी गाऊन उजेडात धरून पाहिले, शिवण ओढून पाहिली. "केवढ्याला?" मी निम्मी किंमत सांगितली.

"चांगला होता की सेल," त्या म्हणाल्या. "दर वर्षी लागतो का?"

"लागतो."

"मग जात जा."

त्यांना खरंच कमी ऐकू येतं का, याबद्दल मला अलीकडे शंका यायला लागली आहे.