चूल केवढी घ्यायची?

बर्‍याच दिवसांनी लिहायला बसलेय. कारण तसं किरकोळच आहे, पण त्यावरून आमच्या घरात गेल्या वर्षी तीन आठवडे धुमश्चक्री चालली होती, तेव्हा म्हटलं नोंद तरी करून ठेवावी. भांडण एवढंच, की मागच्या अंगणात ठेवायची चूल केवढी घ्यायची.

चूल म्हणजे कामाडो. जाड चिनीमातीची, अंड्याच्या आकाराची, वर बिजागरीचं जड झाकण, खाली हवेचं एक दार नि डोक्यावर एक झडप. कामाडो या जपानी शब्दाचा अर्थच मुळी चूल. तिकडे भात शिजवायला अशी मातीची भांडी वापरत. दुसर्‍या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी ती इकडे आणली. १९७४ साली आमच्या या अटलांटातच एड फिशर नावाच्या माणसानं ती विकायला सुरुवात केली, त्यातून बिग ग्रीन एग निघालं. मूळची माती तडकायची, म्हणून पुढे जास्त टणक सिरॅमिक आलं. आता इतरही कंपन्या करतात, कामाडो जो वगैरे, पण आमच्या भागात कोणाच्याही डेकवर डोकावलंत तर बहुधा हिरवं अंडंच दिसेल.

आता हे आमच्या घरात कुठून शिरलं? तर भरितावरून.

नवरा जळगावकडचा. (वन्सं, तुम्ही वाचताय हे मला माहीत आहे, चुकलं तर सांगा.) लग्न होऊन त्या घरात गेले तोपर्यंत माझ्यासाठी भरीत म्हणजे गॅसवर भाजलेलं वांगं, वर दही आणि फोडणी. पहिल्या हिवाळ्यात सासर्‍यांच्या वावरात भरीत पार्टी झाली आणि माझे डोळे उघडले. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ, त्यात ती पांढरट हिरवी मोठाली वांगी टाकलेली. सालं काढून गर लाकडी भांड्यात ठेचायचा. लसूण, हिरव्या मिरच्या, कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर. बरोबर कळण्याची भाकरी. साठ माणसं होती! त्या वांग्याला २०१६ मधे भौगोलिक मानांकनही मिळालं, जळगावचं भरिताचं वांगं म्हणून. नवर्‍यानं ती बातमी ऑफिसात गुजराती मित्राला नेऊन दाखवली होती.

इथे आमच्या स्वयंपाकघरात काचेची इलेक्ट्रिक शेगडी. त्यावर वांगं भाजणं म्हणजे इस्त्रीवर पापड भाजण्यासारखं. ओव्हनमधे केलं तर गर मऊ होतो, पण ते भरीत नव्हे, ते उकडलेलं वांगं. मधे एक पत्र्याची गोल शेगडी आणली होती, ती दोन पावसाळ्यांत गंजली. (इथे पावसाळा वेगळा नसतो, वर्षभर थोडा थोडा पडतो. सवय जात नाही.)

मग २०२३ साली वावर विकलं. कोणाचाच दोष नाही. सासरे गेले, सासूबाईही गेल्या, दीर पुण्यात, वन्सं नाशकात, आम्ही इथे. करणारं कोणी राहिलंच नव्हतं. वाटणीचे पैसे आले तेव्हा नवरा एवढंच म्हणाला, की यातले थोडे घालून एक चांगली चूल घेऊ. मी हो म्हटलं. केवढी, ते विचारायचं राहून गेलं.

दुकानात सगळी अंडी रांगेनं मांडलेली होती, बाळापासून आजोबांपर्यंत. जाळीच्या व्यासावरून माप. सगळ्यात लहान १० इंची, मग १३, १५, १८, २४ आणि सगळ्यात शेवटी २९ इंची. ते २९ इंची बघून वाटलं, आत उतरून आंघोळ करता येईल. नवरा सरळ २४ इंचीपाशी जाऊन उभा राहिला आणि मी १५ इंचीपाशी. माझा हिशेब सोपा होता. लेक सिएटलला, घरात माणसं दोन. दुकानदार हसून म्हणाला, बहुतेक लोक १८ इंची नेतात. दुकानदारानं सांगितलेलं लगेच घ्यायचं नसतं हे आमच्या आईनं शिकवलंय, म्हणून आम्ही दोघंही तसेच परत आलो. गाडीत कोणी बोललं नाही.

घरी आल्यावर मी वर्तमानपत्राचे तीन गोल कापले. १५, १८ आणि २४ इंची. ते जेवणाच्या टेबलावर पसरले, बाजारातून आणलेली मोठी जांभळी वांगी त्यावर मांडून बघितली. तुमच्यापैकी कोणी घेणार असाल तर हे नक्की करा. कारण दुकानात तीन इंचांचा फरक डोळ्यांना कळतच नाही. १५ इंचावर चार वांगी बसली, फार फार तर पाच, पण मग उलटायला जागा नाही. १८ वर सात. २४ वर बारा, वर मिरच्यांना जागा उरली. व्यास थोडा वाढला की जागा भरमसाट वाढते. १५ आणि १८ मधे जवळजवळ दीडपट, १८ आणि २४ मधे पावणेदोनपट. शाळेत वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकलो ते वांगी मांडायला असं तेव्हा सांगितलं असतं, तर मी गणितात बरे मार्क मिळवले असते. :-)

नवरा म्हणाला, "बघ, चोवीसच पाहिजे."

मी म्हटलं, "आणि दोन वांग्यांसाठी काय करशील?"

हा मुद्दा खरा आहे. या चुलीचं सगळं तंत्र तिच्या जाड भिंतीत आहे. भिंत तापली की भट्टीसारखी चारी बाजूंनी उष्णता देते, वांगं वरूनसुद्धा भाजतं. हवा कमी लागते म्हणून कोळसाही कमी जळतो, आणि काम झालं की दोन्ही दारं लावली की निखारे गुदमरून विझतात, उरलेला कोळसा पुढच्या वेळी चालतो. पण भिंत आधी तापवावी तर लागते ना. मोठी चूल म्हणजे मोठं पोट. मंगळवारी रात्री दोन कणसं नि एक रताळं भाजायला कोण एवढी भट्टी पेटवणार? १८ इंची चूलच १६२ पौंडांची, म्हणजे सत्तरच्या वर किलो. २४ इंची शंभर किलोच्या आसपास. चार वर्षांनी हे घर विकून लहान घर घ्यायचं म्हणतोय आपण, तेव्हा हा धोंडा कोण उचलणार, तू की मी?

दुसरीकडे, १५ इंचीत त्याचाही एक मुद्दा होता. पसरट काही करायचं झालं, पिझ्झा म्हणा, भाकरीचा मोठा तवा म्हणा, की कडेला हवा खेळायला जागा राहत नाही. आणि आच आडवायला जाळीखाली सिरॅमिकची थाळी ठेवतात, तिच्यावर कोंबडी ठेवली की बाजूला बटाटेही मावत नाहीत.

असो. हे सगळं बोलून झालं तरी दोघंही जागचे हलेनात. तेव्हा मी एका पाकिटाच्या मागे रेघा मारल्या आणि त्याच्यापुढे ठेवलं. म्हटलं, कोण कोण येणार आहे खायला, नावं लिही.

त्यानं पटापट लिहिली. बत्तीस झाली.

मग आम्ही ती वाचायला लागलो. दोन कुटुंबं डॅलसला गेली, त्याला तीन वर्षं झाली. एक जोडपं कायमचं पुण्याला परतलं. एकाची मुलं मोठी झाली, ती आता आईबापांबरोबर कुठेच जात नाहीत. एका घरी वहिनींचं डायलिसिस चालू आहे. एकजण मंडळाच्या निवडणुकीनंतर आमच्याशी बोलत नाही. (तोही हे वाचत असेल तर, अरे, बास की आता.) एकेक नाव खोडत गेलो. नवरा स्वतःच खोडत होता, मी नाही. शेवटी अकरा उरली, आमची दोन धरून.

तो पाकिटाकडे बघत म्हणाला, "मोठी घेतली की येतील गं लोक."

मी काहीतरी चुरचुरीत बोलणार होते. पण खरं सांगायचं तर लोक यायचे थांबले त्यात माझा वाटा मोठा. इथे आल्यापासून वीस वर्षं, दर महिन्यात एखादा शनिवार तरी, आमच्याकडे तीसचाळीस माणसं असायची. नवरा दारात, हातात ग्लास, "या, या!" आणि मी आत, दोन मोठ्या पातेल्यांमधे. सगळे म्हणायचे, तुमच्या घरी आलं की गावाला आल्यासारखं वाटतं. मला कधीच तसं वाटलं नाही. मला पोळ्या मोजायच्या असायच्या. मग २०२० आलं, घर बंद झालं आणि, लाज वाटते लिहायला, मला बरं वाटलं. २०२२ मधे गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी त्याला सांगितलं, की आता पुन्हा तो मेळा नको. तो "बरं" म्हणाला. त्यावर एकदाही कुरकुर केली नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

त्या दिवशी पाकीट हातात घेऊन तो जे म्हणाला ते मला अपेक्षित नव्हतं. म्हणाला, "मी मोठी म्हणत होतो ते यासाठी, की सगळं बाहेर होईल. तू आत जायचंच नाही. वावरात आई बसलेली असायची ना खाटेवर, वांगी पुरुषच भाजायचे."

हे खरंच होतं. त्या पार्टीत जाळ, वांगी, ठेचणं सगळं पुरुषांकडे होतं. मी पंचवीस वर्षांपूर्वी ते बघून हसले होते, नि विसरलेही होते.

मी विचारलं, "मग भाकर्‍या?"

तो जरा थांबला. "शिकतो."

आम्ही १८ इंची आणली. दुकानदाराचंच खरं झालं म्हणायचं. अकरा माणसं दोन फेर्‍यांत जेवतील आणि दोघांसाठीही पेटवताना जिवावर येणार नाही, असा त्यातला हिशेब.

सुरुवातीचे घोळ सांगायलाच हवेत. पहिल्या आठवड्यात नवर्‍यानं आच वाढवून झाकण एकदम उघडलं. आत कोंडलेल्या विस्तवाला अचानक हवा मिळाली आणि भपकन जाळ वर आला. मनगटावरचे केस गेले, भुवया थोडक्यात वाचल्या. झाकण आधी बोटभर उचलून, दोनतीनदा श्वास घेऊ द्यायचा, मग उघडायचं. दुसरं, आच चढू द्यायची ती हळूहळू. एकदा भिंत जास्त तापली की लवकर उतरत नाही, पहिली सहा वांगी तशीच कोळसा झाली. आणि पेटवायला रॉकेलसारखं काही वापरायचं नाही, चिनीमाती तो वास धरून ठेवते. लाकडी कोळसाच, दाबून केलेल्या वड्या नकोत, त्यांची राख फार. मधेच नवर्‍याच्या डोक्यात आलं, की दक्षिण जॉर्जियात कापूस पिकतो, तर एखाद्या शेतकर्‍याकडून काड्या आणाव्यात. तीन तास गाडी चालवून काड्या आणायला मी येणार नाही असं सांगितल्यावर तो विषय मिटला. निदान मला तरी तसं वाटतंय.

गेल्या डिसेंबरात पहिलं भरीत झालं. अकरातले नऊ आले. वांगी अकरा, पहिल्या फेरीत सात, दुसरीत चार. तेल लावून, सुरीनं टोचे मारून ठेवली होती. पहिली फेरी उतरवून सालं काढून ठेचेपर्यंत दुसरी भाजून झाली, त्यामुळे कोणी खोळंबलं नाही. उलट मधल्या वेळात सगळे चुलीभोवतीच उभे राहिले. ठेचायला सॅलडचा लाकडी वाडगा घेतला. लसूण दोन पाहुण्यांनी सोलला. वन्संनी पाठवलेलं कळण्याचं पीठ होतं, त्याच्या भाकर्‍या नवर्‍यानं थापल्या. जाड झाल्या, एकही गोल नव्हती, दोन तव्यावरच मोडल्या. सगळ्या संपल्या.

चव? जळगावची नाही. ते वांगंच वेगळं, बिया कमी, गर लोण्यासारखा. इथल्या वांग्याला थोडी कडवट चव राहते. पण धुराचा वास आला. नवरा एक घास खाऊन काही न बोलता झडप नीट करायला उठून गेला, बराच वेळ तिकडेच होता.

मी खुर्चीवर बसून होते. सुरुवातीला फार अवघड गेलं, दोनदा उठलेसुद्धा, पाणी आणायला म्हणून. दोन्ही वेळेला कोणीतरी बसवलं.

तेव्हापासून चूल आठवड्यातून दोनदा तरी पेटते. बहुतेक वेळा आम्ही दोघंच असतो. दोन वांगी मधोमध ठेवली की जाळी मोकळी दिसते खरी, मग तिच्यावर कांदे टाकतो, टोमॅटो टाकतो. २४ इंची वर्तमानपत्राचा गोल अजून फ्रिजच्या मागे उभा करून ठेवलेला आहे. मी टाकलेला नाही, आणि त्यानंही.

या शनिवारी सात जण येणार आहेत. त्यातलं एक नाव आम्ही खोडलेलं होतं, निवडणुकीवाल्याचं. फोन नवर्‍यानं केला. वांगी आणायची आहेत, तेव्हा आता उठते.