फूल शाईचं, माशी आपली

अल्कोहोल इंकच्या वर्गात पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येकाचं फूल होतं. शाळेत चित्रकलेच्या तासाला मागच्या बाकावर लपणाऱ्यांचंही होतं. पांढऱ्या चकचकीत टाइलवर अल्कोहोलचे दोन-चार थेंब, त्यात गुलाबी शाईचा एक, आणि कॅमेऱ्याची धूळ उडवायच्या रबरी ब्लोअरची एक फुंकर. शाई पळत सुटते, जिथं थांबते तिथं गडद कड सोडते, आणि पाकळी तयार. नवी मुंबईत सीवूड्सच्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये येणाऱ्या काकू, बँकेतून निवृत्त झालेले काका, दहावीची परीक्षा आटोपलेल्या मुली, सगळ्यांचे चेहरे त्या क्षणी सारखेच उजळतात. "अहो मॅडम, हे मी काढलं?" असं कोणीतरी विचारतंच. खरं उत्तर "नाही" असं आहे, पण पहिल्या दिवशी मी ते देत नाही.

फूल शाईनं काढलेलं असतं. अल्कोहोलचा पृष्ठताण पाण्याच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी असतो, म्हणून ते गुळगुळीत पृष्ठभागावर गोळा होऊन बसत नाही, पसरत जातं. थेंबाच्या काठावर अल्कोहोल आधी उडतं, आतून बाहेर ओढ तयार होते आणि रंग काठाकडे वाहत जाऊन तिथं साचतो. द्रवातल्या या ओढीचा अभ्यास इटलीच्या कार्लो मारांगोनीनं १८६५ च्या आपल्या प्रबंधात मांडला होता. पाकळीची झालर, तिच्या शिरांसारख्या रेषा, कडेची ती नाजूक गडद किनार हे सगळं त्या ओढीचं काम. शिकणाऱ्यानं फक्त वेळेवर थांबायचं असतं, आणि तेच सर्वांत अवघड जातं. पाकळी छान झाली की हात आणखी एक थेंब टाकायला शिवशिवतो. तो थेंब पडला की झालेली पाकळी विरघळते. ही शाई वाळली तरी अल्कोहोल लागताच पुन्हा ओली होते. हा तिचा दोषही आहे आणि सोयही.

सामानाबद्दल थोडं सांगते, कारण नवखी माणसं इथंच जास्त पैसे घालवतात. शाई म्हटलं की आपल्याला दांडेकरांचं घर आठवतं. १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत 'हॉर्स' छापाच्या शाईच्या पुड्या आणि गोळ्यांपासून सुरुवात केली आणि पुढं 'कॅमल'नं आपल्या सगळ्यांची बोटं निळी केली. पण ती पाण्याची शाई. टाइलवर ती थेंब थेंब होऊन बसते, पळत नाही. इथं अल्कोहोलमध्ये विरघळलेले रंग लागतात. परदेशी बाटल्या महाग असतात. देशी बनावटीच्याही आता मिळतात. मी मात्र पहिल्या दिवशी बाटली विकत आणूच देत नाही. सीडीवर लिहायचा पर्मनंट मार्कर घ्या, टाइलवर गिरगटा, वर अल्कोहोलचा थेंब सोडा. मार्करची शाईही अल्कोहोलवरच चालते, त्यामुळे तीही तशीच पळते. आवडलं तर मग बाटल्या आणा.

कागदाचंही तसंच. युपो नावाचा जपानी कागद प्रत्यक्षात पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे प्लास्टिकचा. तो शाई शोषत नाही म्हणून या कामाला उत्तम. पण हात बसेपर्यंत टाइल्सच्या दुकानात पडून असलेल्या सुट्या पांढऱ्या टाइल्स मागून घ्या. फसलं की अल्कोहोलनं पुसून पुन्हा सुरुवात करता येते. अल्कोहोल म्हणजे आयसोप्रोपिल, नव्व्याण्णव टक्के शुद्ध, रसायनांच्या दुकानातून आणलेलं. करोनाच्या दिवसांत घरोघरी साठलेलं सॅनिटायझर संपवण्याची ही जागा नव्हे. त्यात ग्लिसरीन असतं आणि फूल शेवटपर्यंत चिकट राहतं.

हे द्रव्य पटकन पेट घेतं. देवापुढचा दिवा, उदबत्ती, गॅस, काहीही जवळ नको. खिडक्या उघड्या हव्यात, हातमोजे हवेत, आणि स्ट्रॉनं तोंडानं फुंकण्यापेक्षा ब्लोअर बरा, कारण फुंकताना श्वास आत घेतला जातोच. पंखा मात्र बंद. मे महिन्यात नवी मुंबईत पंखा बंद करून बसणं ही या कलेची खरी फी आहे.

आता फुलाबद्दल. बहुतेकांना गुलाब काढायचा असतो. मी तामण काढायला लावते. आपलं राज्यफूल आहे म्हणून नव्हे. ते या शाईसाठीच घडलेलं आहे म्हणून. त्याच्या सहा पाकळ्या जांभळ्या, पातळ आणि चुरगळलेल्या रेशमी कापडासारख्या असतात आणि अल्कोहोलनं सुटलेली कड नेमकी तशीच चुरगळते. मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. पाकळ्या बाहेरून आत काढायच्या, प्रत्येक वाळू द्यायची, जांभळ्यात गुलाबी किंचित मिसळू द्यायची आणि मधली जागा मोकळी ठेवायची. बहाव्याला पिवळ्याच्या दोन छटा पुरतात. आमच्या खाडीकडच्या कांदळवनात मारांडी फुलते. काटेरी पानांच्या झुडपाला निळसर जांभळी, एका ओठाची फुलं. ती काढायला कठीण, पण ज्यांना पुढं जायचं आहे त्यांना मी करावे गावाकडच्या, टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या बाजूच्या कांदळवनाकडं पाठवते. सीवूड्समध्ये राहून फ्लेमिंगो न काढणारी चित्रकार म्हणून मला आधीच थोडं विचित्र समजतात. इथल्या भिंती, चौक, पूल सगळे त्या पक्ष्यांनी भरले आहेत. त्यांना आणखी एका चित्रकाराची गरज नाही.

आणि मग येते माशी. "आता यावर एक मधमाशी बसवा," म्हटलं की वर्ग शांत होतो. शाई इथं कामाला येत नाही. माशीला नेमका आकार हवा आणि ही शाई रेषा धरत नाही. काळ्या शाईचा थेंब टाकला तर फुलात भोक पडल्यासारखा डाग पसरतो. तेव्हा बहुतेक जण मोबाइल काढतात, गुगलवर मधमाशी शोधतात आणि पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, गुबगुबीत, केसाळ माशी उतरवू लागतात. ती युरोपातली बंबलबी. आपल्या देशात तिचं घर मुख्यतः हिमालयात. सीवूड्सच्या तामणावर ती येत नाही.

मी मोबाइल बाजूला ठेवायला सांगते आणि खाली बागेत नेते. तिथं बघितलं तर चार-पाच प्रकार सहज सापडतात. फुलोरी माशी अगदी छोटी. पोटाचा वरचा भाग विटकरी तांबडा, खाली काळे-पांढरे पट्टे. सातेरी तिच्याहून मोठी, काळपट तपकिरी. आग्या सर्वांत दांडगी. तिची मोहोळं उंच इमारतींच्या कडांना लोंबतात आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हाहाकार उडतो. निळ्या पट्ट्यांची एक एकटी फिरणारी माशी असते, ती क्षणभर बसते आणि उडते. आणि बहाव्यावर गुणगुणणारा काळा भुंगा, ज्याचे पंख उन्हात जांभळे-निळे चमकतात. तो फुलाला धरून अंग थरथरवतो आणि परागकण झाडून घेतो. कोरडं लाकूड पोखरणारा हाच भुंगा कोवळ्या कळीत अडकतो, हे निरीक्षण ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात आलं आहे. आपल्या भाषेनं हा कीटक इतका नीट पाहून ठेवलेला असताना आपण शुभेच्छापत्रावरची परकी माशी का उतरवावी, हे मला कळत नाही.

एवढं पाहिलं की माशी काढता येते, पण थेंबानं नव्हे, पुसून. फूल पूर्ण वाळू द्यायचं. बारीक ब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून टिश्यूवर जवळजवळ कोरडा करायचा आणि फुलावर लांबट गोल पुसून टाइलचा पांढरा उघडा करायचा. तिथं विटकरी किंवा तपकिरी शाई हलकी टेकवायची. पट्टे रंगवायचे नाहीत. ओलसर ब्रशनं आडव्या रेघा उचलून घ्यायच्या. पंखांसाठी तर रंगच नको. छातीच्या भागाजवळ, पोटाजवळ नव्हे, ओला ब्रश पाकळीवर टेकवला की तेवढा रंग फिका होतो आणि पंखातून मागची पाकळी दिसू लागते. पंख चार असतात, पण पुढचे-मागचे एकमेकांत अडकलेले असल्यामुळे दोनच वाटतात. पाय सहा, सगळे छातीला. मिशा सरळ नसतात, कोपरात वाकलेल्या असतात. स्प्रे वार्निशचा हलका थर वाळल्यावर पाय आणि पंखांच्या शिरा ॲक्रिलिक पेननं. वार्निश मात्र ब्रशनं लावायचं घेऊ नका. फूल आणि माशी दोन्ही एकत्र वाहून जातात.

एक गोष्ट मी हट्टानं सांगते. लाल जास्वंदीवर माशी बसवू नका. मधमाश्यांच्या अभ्यासात आयुष्य घालवणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ चं नोबेल मिळालं. त्यांनी दाखवून दिलं की लाल हा मधमाशीला रंग म्हणून दिसतच नाही. निळा, जांभळा, पिवळा तिला दिसतो, आणि आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाशही. लाल जास्वंदीवर शिंजीर शोभतो. "मॅडम, चित्रात चालतं की," असं मला ऐकवतात. चालतं. मला चालत नाही.

चित्र पूर्ण झालं की पश्चिमेच्या खिडकीसमोर लावू नका. हे रंग विरघळणारे असल्यामुळे उन्हानं उडतात. अतिनील किरण अडवणारं वार्निश असलं तरी खाडीवरून येणारं दुपारचं ऊन ते फार काळ अडवू शकत नाही.

शिकायचं असेल तर एप्रिल-मे सोडू नका. तामण, बहावा, मारांडी तेव्हा फुललेले असतात आणि हवा त्यातल्या त्यात कोरडी असते. पावसाळा लागला की अल्कोहोल उडताना थंड झालेल्या टाइलवर हवेतलं बाष्प बसतं, कडा फाटतात, रंग पांढुरका होतो. जून ते सप्टेंबर मी वर्ग बंद ठेवते.