काशीकाकूंच्या दाराकडं दाखवलेलं बोट

नांदेड

चि. वसंत यास,


काल फोनवर तू विचारलंस, "आक्का, बाहेरच्या देशांत भानामती असते का गं?" आणि त्याच दमात सांगून टाकलंस की जाणता येऊन गेला, त्यानं घरातल्या भानामतीबद्दल काशीकाकूंच्या घराकडं बोट दाखवलं आणि अमावास्येला तो परत येणार आहे. त्यानंतर मला भाकरीचा घास गेला नाही. फोनवर बोलले असते तर आवाज चढला असता, म्हणून लिहिते. शेजारचा मुलगा उद्या उदगीरला निघालाय, त्याच्याकडं देते.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. असते. पत्र्यावर दगड, आपोआप पडणारी भांडी, सगळं असतं. १९६७ साली जर्मनीत रोझेनहाइम गावी एका वकिलाच्या कचेरीत दिवे फुटायचे, टेलिफोन कुणी न लावता लागायचे. हान्स बेंडर नावाचे प्राध्यापक तपासाला आले. कचेरीतली एक कोवळ्या वयाची मुलगी हजर असली की हे घडतं, तिच्या मनातल्या शक्तीचा हा परिणाम, असं त्यांचं मत पडलं. दुसऱ्यांनी हातचलाखी म्हटलं. इतकं लांब कशाला, पुण्यात खुद्द ज्ञानकोशकार केतकरांच्या घरात १९३० च्या आधीची काही वर्षं हाच प्रकार चालला होता, एका लहान मुलाभोवती. त्यांच्या मेहुणीनं, मिस कोन यांनी, त्याच्या नोंदी ठेवल्या होत्या. एवढ्या विद्वानाच्या घरात होतं, तर तुझ्या घरात झालं याची लाज कसली?

कुणी त्याला भूत म्हणतं, कुणी मनाची ताकद, कुणी करणी. त्यांचं भांडण त्यांच्यापाशी. मी बघते ते एवढंच, की या सगळ्यात बोट शेवटी कुणाकडं जातं. आफ्रिकेतल्या अझांडे लोकांवर इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९३७ साली पुस्तक लिहिलं. धान्याची कोठी कोसळली तर खांब वाळवीनं खाल्ले हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं. पण अमका माणूस नेमका खाली बसलेला असतानाच का कोसळली? तिथं ते चेटकाचं नाव घेतात.

ते वाचताना मला मावशीच दिसली. त्र्याण्णवच्या भूकंपाची ती पहाट, तीन छप्पन्न. विसर्जन करून दमलेली माणसं झोपलेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद, त्याखाली सगळं गेलं. किल्लारीत हे पोरासोरांनाही कळलं होतं. तरी मावशी शेवटपर्यंत विचारत राहिली, "माझाच दादा का?" तू तिच्या उशाशी बसायचास, तुला सांगायला नको. पण वसंता, तिनं कधी कुणा शेजारणीचं नाव घेतलं? जपानात २०११ च्या सुनामीनंतर इशिनोमाकीचे टॅक्सीवाले सांगत, की गाडीत बसलेली माणसं वाटेतच नाहीशी होतात. त्यांनी कुणावर आळ घेतला नाही. मीटर पडलेला असायचा, ते भाडं स्वतःच्या खिशातून भरायचे. दुःख असं सोसता येतं रे.

आपल्याकडं मात्र निलंगा, उदगीर, देगलूर, जिथं जावं तिथं तेच. घरात बिघडतं आणि नाव निघतं एकट्या बाईचं. काशीकाकूंना ना नवरा, ना मूल, वर तुमच्या बांधाला लागून दोन एकर. जाणत्याला ते दोन एकर दिसले नसतील? तुला गोवर निघाला तेव्हा रात्र रात्र कोण बसलं होतं? आई तर नाशिकला होती.

आता सूनबाईचं. तिच्या दंडावरच्या फुल्या तू सांगितल्यास तेव्हाच माझ्या मनात बिब्बा आला. धोबी कपड्यांवर त्याच्याच खुणा घालायचे. कातडीला लागला की तशीच काळी फुली उठते, भोवती फोड येतात, खाज सुटते. वहिनीच्या टाचांच्या भेगांसाठी बिब्बे मीच पाठवले होते ना? पण खबरदार, तिला चौकात उभं करून "तूच केलंस ना" म्हणालास तर. कदाचित तिनं केलं नसेलही. केलं असेल तर तिला तोंडानं बोलायला तुम्ही जागा ठेवली नाही. शेवटच्या वर्षाला कॉलेज सोडवलंत, माहेरी पाठवत नाही. पेटीत जळाल्या त्या साड्या तिच्याच होत्या, हे तरी कुणाच्या ध्यानात आलं का? तिला लातूरला मनाच्या डॉक्टरांकडं ने. गाणगापूरला नंतर जा, मी आड येणार नाही.

कायद्याचंही सांगून ठेवते. २०१३ पासून करणी-चेटकाचा आळ घालून छळणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. दाभोलकरांचा जीव गेला तेव्हा कुठं त्याचा वटहुकूम निघाला. पण पोलीस येतील ते काकूंना मारहाण झाल्यावर येतील, आणि मला झोप लागत नाही ती त्याच काळजीनं.

जाणत्याला आजच निरोप दे, येऊ नको म्हणून. पोरांना सांग, काकूंच्या दारावर दगड मारायचे नाहीत. अमावास्येच्या रात्री काकूंना एकटं ठेवू नकोस, वहिनीला त्यांच्याकडं झोपायला पाठव. मी आदल्या दिवशीच्या एसटीनं येतेच आहे. आणि ते बिब्बे फडताळातून काढून टाक, पण सूनबाईच्या देखत नको.

तुझी,
आक्का