मनरोव्हिलची जुनी कचेरी

परदेशी जाऊन आलेल्याने तेथील उत्तुंग इमारतींचे वर्णन करावे, असा शिरस्ता आहे. मी मात्र वाचकांस एका खेडवळ गावच्या कचेरीत नेणार आहे. अमेरिकेच्या दक्षिणेस अलाबामा संस्थानात, माँटगोमेरी व मोबील या शहरांच्या साधारण मध्यावर, मनरोव्हिल हे गाव वसले आहे. चिरंजीव नोकरीनिमित्त तिकडे असतात. जन्मात कोर्टाची पायरी न चढलेले मामंजी मुद्दाम कोर्ट पाहावयास निघाले, याचे सूनबाईस मोठे हसू आले.

मनरो कौंटीची स्थापना १८१५ सालची. तिचे ठाणे पूर्वी नदीकाठच्या क्लेबॉर्न गावी होते, ते १८३२ साली येथे आले. सध्याची लाल विटांची इमारत अँड्र्यू ब्रायन या शिल्पज्ञाने योजिली व १९०३-०४ च्या सुमारास ती उभी राहिली. माथ्यावर पांढरा घुमट, त्यात घड्याळ. चोहोंकडे चौक व दुकाने.

परंतु खरे कौतुक आहे ते वरच्या मजल्यावरील न्यायालयाचे. हे दालन चौकोनी नसून लंबवर्तुळाकार आहे. भिंती वळत जातात, आणि न्यायाधीश, पंच, साक्षीदार, वकील हे सर्व जणू एकाच ओंजळीत येतात. छत नक्षीदार पत्र्याचे, आणि त्याखाली भिंतीच्या वळणाने गेलेला लाकडी कठड्याचा सज्जा.

गुडघे कुरकुरत असताही मी सज्जात चढलो. तेथून सारे न्यायालय तळहातावर असल्यासारखे दिसते. कृष्णवर्णीयांनी बसावयाचे ते याच जागी; खाली त्यांस मज्जाव. पंचांच्या बारा खुर्च्यांवर त्यांस त्या काळी कोणी बसू देत नसे. ज्यांस न्याय करण्याचा अधिकार नाही, त्यांसच तो सर्वांत स्पष्ट दिसावा, अशी ही रचना! माझ्या वडिलांच्या शाळेत अस्पृश्य मानलेली मुले पडवीत बसून खिडकीतून फळा पाहत. हे सांगताना वडिलांचा आवाज खाली येई.

याच सज्जात बसून एक मुलगी आपल्या वकील वडिलांचे काम पाही. ती हार्पर ली, ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ या १९६० सालच्या कादंबरीची लेखिका. तीत निरपराध कृष्णवर्णीयास दोषी ठरविले जाते. हे केवळ कल्पनेचे खेळ नव्हेत. १९३४ साली, ली आठ वर्षांचीही नसताना, याच गावी वॉल्टर लेट या कृष्णवर्णीयास गौरवर्णीय स्त्रीवरील अत्याचाराच्या आरोपावरून देहान्ताची शिक्षा झाली. निकालाविषयी शंका उत्पन्न होऊन ती जन्मठेपेत बदलली, तरी १९३७ साली क्षयाने त्याचा अंत झाला. मृच्छकटिकाच्या नवव्या अंकात अधिकरणमंडपात निर्दोष चारुदत्त उभा असतो, तो प्रसंग मी मुलांस किती वेळा शिकविला! परंतु चारुदत्ताच्या सुटकेस दहावा अंक आहे.

१९६२ च्या चित्रपटासाठी हे दालन हॉलिवुडमध्ये हुबेहूब उभारण्यात आले, व त्या कलायोजनेस ऑस्कर मिळाले. १९६३ साली कोर्ट शेजारच्या नव्या इमारतीत गेले; जुनी इमारत आता संग्रहालय आहे. येथे वसंत ऋतूत त्या कादंबरीचे नाट्यरूप गावकरीच सादर करतात. पहिला अंक बाहेर हिरवळीवर होतो, दुसरा या दालनात. आणि प्रेक्षकांतूनच बारा जण पंच म्हणून बसविले जातात.

आम्ही गेलो तेव्हा नाटकाचे दिवस नव्हते. सूनबाई बराच वेळ त्या बारा खुर्च्यांपाशी उभी होती. अलाबामात १९६६ पर्यंत स्त्रियांनाही तेथे बसता येत नव्हते, असे मी तिला सांगितले. म्हणजे कादंबरी लिहिली तेव्हा खुद्द लेखिकेसही नाही? तिने विचारले. नाही, मी म्हणालो. आणि आम्ही दोघेही पुन्हा एकदा सज्जात जाऊन बसलो.