नायगावच्या पाण्याचा हिशोब

पुण्याहून एस.टी. निघाली की हडपसर मागे पडते आणि दिवेघाट चढून गाडी सासवडला पोहोचते. पुरंदर तालुक्याचा हा मुलूख पर्जन्यछायेचा. ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिते होतात आणि इथे येतो तो उरलासुरला पाऊस. याच तालुक्यातले नायगाव पाहायला मी मुद्दाम गेलो. कारण आमच्या गावची विहीर.

आमच्या वस्तीच्या विहिरीला पूर्वी मे महिन्यातही घागर बुडेल एवढे पाणी असे. शेजारच्या बागायतदाराने ऊस लावला, एकामागून एक बोअर घेतले आणि विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवू लागली. विहिरीला कोणी हात लावला नाही, तरी पाणी गेले! असे का होते, हे नायगावला गेल्यावर नीट समजले.

आपल्याकडचा खडक काळा, घट्ट. पाणी साठते ते वरच्या मुरमात, झिजलेल्या खडकात आणि खालच्या फटींत. हा साठा सगळ्या शिवाराचा एकच असतो, विहिरी मात्र वेगवेगळ्या. एकाने जास्त उपसले की दुसऱ्याची कोरडी पडते. मी पडलो कारकून. मला हे सामाईक खात्यासारखे वाटले. पाऊस ही जमा, उपसा हा खर्च. पण इथे खर्चाचा अधिकार ज्याच्या नावावर सातबारा त्यालाच. १८८२ च्या कायद्यापासून जमिनीखालचे पाणी जमीनमालकाने काढावे, हाच रिवाज चालत आला. मग ज्याला जमीनच नाही, त्याने काय करावे?

हा प्रश्न नायगावात विचारला गेला. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे अभियंते आणि उद्योजक विलासराव साळुंखे या भागात फिरले. पुढे त्यांनी नायगावात देवस्थानची ४० एकर उजाड जमीन कराराने घेतली. उतारावर बांध घातले, पाझर तलाव केला, त्याच्या खाली विहीर खोदली. वाहून जाणारे पाणी जमिनीत मुरले आणि विहिरीला लागले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली.

तिचे नियम लिहून ठेवावेत असे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. वीस एकरवाला असला तरी त्याला अडीच एकराचेच! उसाला पाणी नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकता येत नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः भरायचा. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा.

पुढे सगळ्याच योजना टिकल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. साळुंखे २००२ साली गेले. पण माणसागणिक वाटणी होऊ शकते, हे नायगावने करून दाखवले.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ते पाणी डोळ्यांना दिसत होते. जमिनीखालचे पाणी दिसत नाही, म्हणून ते कोण नेतो हेही दिसत नाही.

बंधू-भगिनींनो, कायदा थोडा आपल्या बाजूला आला आहे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत कोणी मनाला येईल तशी नवी विहीर घेऊ नये, असे बंधन १९९३ च्या कायद्याने घातले. २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून लागू झाला. त्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे. पण ग्रामसभेत उठून विचारल्याशिवाय कागद हलत नाही.

परतल्यावर मी वस्तीतल्या दोन पोरांना दोरी आणि दगड दिला. दर महिन्याच्या एक तारखेला विहिरीतले पाणी किती हातांवर आहे ते मोजायचे आणि वहीत लिहायचे. येत्या ग्रामसभेला ती वही घेऊन आम्ही सगळे जाणार आहोत. बायाही येणार आहेत. घागर त्यांच्याच डोक्यावर असते.