बाण आपोआप पळू लागला तेव्हा

संगणकाच्या माऊसला मराठीत कुणी उंदीर म्हणत नाही आणि कानडीत कुणी इली म्हणत नाही. दोन्ही भाषांत तो माऊसच राहिला. आमच्या सासूबाई मात्र इलीच म्हणतात. त्यांचं माहेर गोकाकचं, बोलणं निम्मं कानडी. टेबलावरचा माऊस आणि पडद्यावरचा बाण या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे त्यांना मान्य नाही; दोन्ही मिळून त्यांची एकच इली. अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट यांनी १९६४ च्या सुमारास लाकडी खोक्यातला पहिला माऊस तयार करवून घेतला आणि १९६८ साली लोकांसमोर चालवून दाखवला. तेव्हापासून नियम एकच, हात हलेल तसा बाण हलेल. पंखा कुरकुरला, टीव्हीच्या पडद्यावर मुंग्या आल्या तर आपण वैतागतो. हात न लावता बाण सरकला की मात्र पोटात गोळा येतो, कारण तो कुणीतरी धरून ओढल्यासारखा सरकतो.

आमच्याकडे तो सरकू लागला मे २०२४ मध्ये. शहापुरातलं आमचं घर जुनं. लॅपटॉप लेकीचा, पण दुपारी ती कॉलेजात असताना मामंजी त्यावर पेन्शनचं खातं बघतात. ते निवृत्त शिक्षक, पै-पैचा हिशेब लिहिणारे. एका दुपारी ते खातं बघत असताना बाण थरथरला, कोपऱ्याकडे धावला, एक खिडकी मिटली, दुसरी उघडली. सासूबाई शेजारी गवार मोडत बसल्या होत्या. “अय्यो, इली ताना ओडाकत्तैती!” म्हणून त्या ओरडल्या आणि मामंजींचा हात धरून म्हणाल्या, “मुट्टब्याड!”

मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं व्हायरस, कुणी म्हणालं फॉरमॅट मारा. आमच्याकडे पूर्वी कुठल्याही तापाला एक सुई टोचत, तसं हल्ली कुठल्याही कॉम्प्युटरला फॉरमॅट मारतात. मामंजी मात्र काहीच बोलेनात. रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ह्यांना म्हणाले, “एफडी मोडून पैसे घरी आणून ठेवू या.” ज्या माणसाने आयुष्यात कधी एफडी मुदतीआधी मोडली नाही, त्याच्या तोंडी हे वाक्य!

संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, “पोरी, कुणाला सांगू नकोस.” मार्चमध्ये त्यांना एक फोन आला होता. बँकेचं केवायसी राहिलंय, आज केलं नाही तर पेन्शन अडकेल, असं पलीकडचा गोड हिंदीत सांगत होता. त्याने लॅपटॉपवर एक प्रोग्राम घ्यायला लावला आणि त्यात दिसणारे आकडे वाचून दाखवायला सांगितले. ते आकडे दिले की दुसऱ्या गावचा माणूस आपला बाण तिथून चालवू शकतो. मामंजी तीन आकडे वाचून थांबले, संशय आला म्हणून फोन ठेवला. पण तो प्रोग्राम तसाच राहिला होता आणि दोन महिने ते ही गोष्ट एकटेच पोटात घेऊन वावरत होते. जन्मभर वर्गाला शहाणपण शिकवलेल्या माणसाला घरात हे सांगणं किती जड गेलं असेल! बाण पळाला तेव्हा त्यांना वाटलं, तो आलाच.

म्हणून मला आधी एवढंच शोधायचं होतं, की बाण कुणी माणूस हलवतोय की काही वस्तू. मी लॅपटॉप घेऊन बसले. बाण अधूनमधून उड्या मारत होता आणि तेवढ्यात लाईट गेली. बाण गप्प! मामंजी म्हणाले, “बघ की, नेट गेलं म्हणून थांबला.” त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, लाईटबरोबर वायफायचा डबाही बंद पडला होता. पण लाईटबरोबर चार्जरही बंद पडला होता, हे त्या भीतीत कुणाच्या ध्यानात येणार?

लाईट आल्यावर मी वायफायचा डबा बंदच ठेवला आणि फक्त चार्जर लावला. बाण पुन्हा धावू लागला. नेट नाही, फोनचं हॉटस्पॉट नाही, म्हणजे त्या क्षणी बाहेरचं कुणी तो ओढत नव्हतं. मामंजी खुर्चीत बसले ते कितीतरी वेळाने.

पुढचं सोपं होतं. माऊसचा यूएसबीतला छोटा तुकडा उपटून काढला, तरी बाण पळतच होता. म्हणजे माऊस सुटला. नाहीतर पुष्कळ घरांत दोष त्याचाच असतो. माऊसच्या पोटातला कॅमेरा सेकंदाला हजाराहून जास्त वेळा खालच्या पृष्ठभागाचे फोटो काढतो आणि ते ताडून आपण किती सरकलो ते ठरवतो. काचेवर त्याला ताडायला काही सापडत नाही. आपल्याकडे टेबलाच्या काचेखाली लग्नाचे फोटो आणि विम्याच्या पावत्या ठेवायची पद्धत, त्यावर माऊस फिरवला की तो बावचळतो. खाली साधा कागद घातला तरी भागतं. भोकात अडकलेला एखादा केसही पुरतो.

आमचा दोष टचपॅडकडे येऊन थांबला. टचपॅडला बोटाचं वजन कळत नाही. बोट जवळ आलं की विजेच्या क्षेत्रात जो बारीकसा फरक पडतो तो त्याला कळतो, म्हणून ओल्या हातानेही तो बिथरतो. चार्जरच्या आत विजेचा गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात. प्लगची वरची जाड पिन आहे ती अर्थिंगची, गाळलेला गोंगाट तिच्यातून जमिनीत जायचा. ती वाट बंद असली की तो लॅपटॉपच्या अंगावरच राहतो आणि टचपॅडला नसलेली बोटं दिसू लागतात. चार्जर काढला की बाण थांबे, लावला की पळे. तोच चार्जर शेजारच्या घरात लावून बघितला तर बाण जागचा हलला नाही.

लॅपटॉपच्या धातूच्या कडेला मनगट टेकलं होतं तेव्हा मला बारीक चुणचुण जाणवली होती. तिथेच सासूबाई आठवल्या. दोन महिने त्या सांगत होत्या, वॉशिंग मशीनला हात लावला की मुंग्या येतात. ह्यांनी त्यांना रबरी चप्पल आणून दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमन आला. त्याने होल्डरला बल्ब लावून फेज आणि न्यूट्रलला दोन टोकं लावली, बल्ब लागला. मग एक टोक फेजला ठेवून दुसरं अर्थिंगच्या मोठ्या भोकात घातलं. बल्ब थंड! “अर्थिंग इल्ल री,” तो म्हणाला. परसात, जुन्या पाईपाजवळ क्लिप गंजून तुटलेली, तार नुसती लोंबत होती आणि खड्डा उन्हाळ्याने कोरडा ठणठणीत. बाथरूममधला गिझर त्याच तारेच्या भरवशावर. गिझरच्या कॉईलला चीर गेली असती तर करंट पाण्यात उतरला असता आणि फ्यूज उडालाच असता असंही नाही, असं वायरमनने सांगितलं तेव्हा ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. इली पळाली तेव्हा वायरमन लगेच आला. सासूबाईंनी सांगितलं तेव्हा चप्पल आली. हे मी घरात सर्वांसमोर बोलले आणि इथे लिहायलाही मला संकोच नाही.

नवा पाईप घातला, कोळसा आणि मीठ भरलं, आणि ३० मिलिअँपिअर गळती झाली की सगळा करंट तोडणारं यंत्र मीटरजवळ बसवलं. लॅपटॉपवरचा तो प्रोग्राम लेकीने काढून टाकला, बँकेचे पासवर्ड वेगळ्या फोनवरून बदलले. मामंजी ह्यांच्याबरोबर शाखेत जाऊन मार्चपासूनचा उतारा घेऊन आले. त्यांनी तो स्वतःच्या वहीशी ताडून पाहिला, एक रुपयाही हलला नव्हता. पैसे गेले असते तर लगेच १९३० या नंबरावर कळवायचं, हे लेकीने त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. एफडी आहे तिथेच आहे. तो फोन आल्याची गोष्ट त्यांनी त्याच रात्री जेवताना सगळ्यांना सांगितली, आणि सासूबाईंनी नुसतं “अष्टेना?” म्हणून त्यांच्या पानात आणखी एक भाकरी वाढली.

उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात दर आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतायचं असतं. ते काम आता सासूबाईंकडे आहे.