तान्ह्याची धाप

थोरलीनं बालवाडीतून सर्दी आणली, नाक पुसत पुसत खेळली आणि बरीही झाली. तान्ह्याला ती लागली तेव्हा मात्र त्याचं पोट उडायला लागलं. अंगावर पिताना दमून तोंड सोडून द्यायचा. डॉक्टरांनी छातीला नळी लावायच्या आधी झबलं वर करून नुसतं पाहिलं. प्रत्येक श्वासाला फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात होती. तपासणीत आरएसव्ही हा विषाणू निघाला.

सासूबाईंचा आग्रह ओव्याच्या शेकाचा, माझा अँटिबायोटिकचा. "विषाणूवर ते चालत नाही," डॉक्टर म्हणाले, "आणि ही घरघर बरीचशी त्याच्या शरीराच्या झुंजीचीच आहे." विषाणू श्वासनलिकेच्या बारीक फांद्यांच्या अस्तरात शिरतो. बाधित पेशी इंटरफेरॉन सोडून शेजारणींना सावध करतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, अस्तर सुजतं. झडलेल्या पेशी आणि कफ मिळून नळी बुजते. मोठ्या माणसाच्या नळीत एवढ्या पसाऱ्याला जागा असते. याच्या नळ्या त्या केवढ्याशा! उपचार म्हणजे ऑक्सिजन, नाकातला कफ ओढणं आणि नळीनं दूध. बाकी सगळं त्याचं त्यानंच निभावायचं.

भेटायला येणारा प्रत्येकजण 'इम्युनिटी वाढवा' सांगून जायचा. किती आणि कुठली, हे कुणी सांगेना. घरी आल्यावर मी वाचत सुटले आणि अमेरिकेतल्या १९६६ च्या लसचाचणीशी थबकले. फॉर्मालिननं मारलेल्या विषाणूची ती लस. बाळांच्या रक्तात अँटिबॉडी तयार झाल्या, पण विषाणूला नीट अडवणाऱ्या नव्हेत. एका चाचणीत लस घेऊनही संसर्ग झालेल्या बाळांपैकी ८० टक्के रुग्णालयात दाखल झाली, दोन दगावली. प्रतिसाद भरपूर होता, पण भलताच. पेशीत शिरण्याआधी विषाणूचं एफ प्रथिन कसं दिसतं ते २०१३ मध्ये कळलं, आणि त्यावर बेतलेली, गरोदर बाईला द्यायची लस अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झाली. आईच्या अँटिबॉडी वारेतून बाळाला मिळतात आणि पहिले काही महिने पुरतात.

हा विषाणू एकदा होऊन सुटत नाही. नाकातलं संरक्षण लवकर ओसरतं, तो जन्मभर अधूनमधून गाठतो. पुढच्या पावसाळ्यात धाकट्याचं नाक पुन्हा गळू लागलं. यावेळी धाप नव्हती, दूधही धड पीत होता. तोच विषाणू की दुसरा, तपासायला कुणी गेलं नाही. सासूबाईंनी तेवढा ओवा तव्यावर टाकला.